आज्ञापत्रांतील वृक्षविचार व केजचें रान

आज्ञापत्रांतील आंबा-फणसांविषयींचा उतारा अलीकडे वृक्षारोपणाच्या समारंभांतून वारंवार ऐकूं येतो, आणि तो शिवाजी महाराजांचें पत्र म्हणून ऐकविला जातो. वस्तुतः हा ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींत, 1715 च्या सुमारास, रामचंद्र नीळकंठ अमात्य यांनीं सिद्ध केलेला. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांचा. त्यांत महाराजांचें धोरण उतरलें आहे हें खरें. परंतु धोरण उतरणें निराळें व पत्र असणें निराळें. हा भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. आम्हांस लिहावयाचें आहे तें दुसऱ्या व अधिक महागांत पडणाऱ्या गफलतीविषयीं.

हा उतारा झाडें लावण्याचा नाहींच. तो आरमाराच्या प्रकरणांतला असून झाडें न तोडण्याचा आहे. सागादि लांकूड परवानगीनें तोडावें, उणें पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा-फणसांस मात्र हात लावूं नये, कारण तीं पुष्कळ वर्षांच्या जोपासनेनें रयतेच्या हातून उभीं राहतात. एखादें जीर्ण झाड हवेंच असल्यास धन्याच्या राजीखुशीनें, मोल देऊन घ्यावें. लावणीची आज्ञा आहे ती दुर्गांच्या प्रकरणांत, आणि तेथेंही दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या आहेत. गडावर लहानथोर वृक्ष लावावे. गडाभोंवतालची झाडी मात्र राखावी, वाढवावी, तींतील काठी जाऊं देऊं नये. आमच्या वाचनाप्रमाणें येथें खर्चाची वांटणी झालेली आहे. लावणें तटाच्या आंत, जेथें पाणी घालण्यास माणूस हजर असतो. राखणें तटाबाहेर, जेथें तो पुरविणें परवडत नाहीं. अमात्यांच्या मनांत वनशास्त्र नव्हतें, गडाचा बंदोबस्त होता. परंतु बेताच्या खजिन्याचा हिशेब त्यांस पक्का ठाऊक होता.

आतां केजकडे वळूं. या मुलखावर अमात्यांची आज्ञा चालत नव्हती. पुढें तर 1948 पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें. म्हणून सह्याद्रीच्या पावसांत लिहिलेलें कलम बालाघाटच्या माळावर जसेंच्या तसें लावतां येणार नाहीं. सबंध बीड जिल्ह्यांत रानाखालीं भूमि शंभरांत तीनही भरत नाहीं. पाटोदे तालुक्यांतील नायगांवचें मयूर अभयारण्य सुमारें 30 चौरस किलोमीटरांचें, 1994 सालीं जाहीर झालेलें. बाकी धावडा, खैर, पळस, सालई यांचीं विखुरलेलीं बनें. राज्यांत 2017 सालीं 4 कोटि, 2018 सालीं 13 कोटि व 2019 सालीं 33 कोटि रोपें लावण्याचा संकल्प झाला, आणि त्यांतील किती जगलीं याची चौकशी करण्यास 2021 सालीं विधिमंडळाची समिति नेमावी लागली. रोप लावतात आषाढांत. त्यास पाणी हवें चैत्रांत. दिवाळीच्या सुमारास या भागांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस बाहेर जातात. मग घागर कोणी वाहावी?

पोथ्या जमविणाऱ्यांस ही गोष्ट पटण्यास केजहून फार लांब जावें लागत नाहीं. शेजारच्या अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. सुमारें 40 फूट लांबीच्या वस्त्रावर लिहिलेलें पंचीकरण. तिची नक्कल करतां येईल, छायाचित्र घेतां येईल. परंतु वस्त्र एकदां कसरीच्या तोंडीं गेलें कीं नकलेच्या शंभर प्रती त्या वस्त्राची जागा भरून काढीत नाहींत. ज्या संस्थेची थैली लहान, तिनें आधीं धडक्या पोथीस पेटी करावी कीं फाटक्या पोथीस ठिगळ लावावें? रानाचेंही तसेंच आहे. उष्ण कटिबंधांतील पुन्हा वाढलेल्या रानांविषयीं 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, जमिनीचा कस दहा वर्षांच्या आंत परत येतो. पण जुन्या रानांतील वृक्षजातींचा मेळ बसावयास 120 वर्षांहून अधिक काळ लागतो.

संहितेच्या दृष्टीनें आणखी एक अडचण आहे. मूळ पाठ कोणता? बालाघाटचें सीताफळ आज इतकें आपलें झालें कीं 2016 सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालें. तें झाड मूळचें अमेरिकेंतलें. हा जुना, रुळलेला प्रक्षेप. तो काढून टाकण्याचा हट्ट कोणी धरणार नाहीं. गिरिपुष्प हाही तिकडचाच. पण तो नवा प्रक्षेप असून लावणींत पानेंच्या पानें भरीत चालला आहे. त्याहून वाईट चूक म्हणजे कोरा समास पाहून तेथें मजकूर गळाला असें मानणें. माळ हा उजाड झालेलें रान नव्हे. सोलापूर जिल्ह्यांत नान्नजचा माळ माळढोकासाठीं 1979 सालीं राखला गेला, तो गवत म्हणूनच. तेथें झाडी उठविणें म्हणजे पक्ष्याचें घर मोडणें.

तरीही केवळ राखणीचा पक्ष घेऊन भागत नाहीं. रिओ द जानेरोजवळ कॉफीच्या मळ्यांपायीं उघडे पडलेले तिजुकाचे डोंगर 1861 नंतर लावणी करूनच झाडीखालीं आले, कारण शहराचें पाणी आटत होतें. मांजरेच्या पाणलोटांत उघड्या पडलेल्या उतारांची गत तीच. तेथें राखावयास कांहीं उरलेंच नसेल तर लावलें पाहिजे. पण पळसाचीं, धावड्याचीं खोडें जेथें जमिनींत जिवंत आहेत, तेथें खड्डे खणण्याचा खर्च व्यर्थ आहे. कुऱ्हाडबंदी, वणव्यावर नजर व कांहीं वर्षें चराईबंदी केली तर खोडें आपण फुटतात. चराईबंदी शेळीवाल्याच्या पोटावर येते, हें मात्र विसरूं नये. धन्यास मोल द्यावें हें अमात्यांचें कलम त्याच्याही बाबतींत लागू करावयास हवें.

कोणत्या उतारावर रान होतें व कोठें माळ, याचा पुरावा वनखात्याच्या दप्तरांत मिळेल तितकाच घरोघरच्या रुमालांतही मिळेल. शिवेच्या महजरांत, इनामाच्या सनदांत हद्दीचीं झाडें नांवानिशीं येतात. केज, धारूर, अंबाजोगाई या बाजूचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं अशा झाडांचीं नांवें, गांव व कागदाची मिती टिपून मंडळाकडे पाठवावीं. कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं, नक्कल पुरे.