अर्ध्या वर्गाचा धर्म

वसई तालुक्यातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यापुढे चित्रकलेच्या मास्तराला लागणारी पदविका, एवढेच. दोन-तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. पण धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे आणि मी ख्रिस्तीही नव्हे. तरीसुद्धा मुलांच्या धर्मशिक्षणावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो आहे. कारण ज्या गोष्टीकडे मी रोज पाहतो तिच्याबद्दल शास्त्री नसलेल्या माणसालाही काही म्हणायचे असू शकते.

आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा एक तास असा येतो की घंटा झाली म्हणजे वर्ग उभा दुभंगतो. कॅथलिक मुले आपापली पुस्तके काखेत मारून शेजारच्या खोलीत जातात. तिथे त्यांचा धर्मशिक्षणाचा तास. उरलेली मुले माझ्या हवाली होतात. त्यांचा नीतिशिक्षणाचा तास. एका बाकावर बसणारी दोन मुले, एकमेकांच्या डब्यातले खाणारी. त्यांतले एक उठते आणि दुसरे मागे सरकून त्याला वाट देते.

या व्यवस्थेत हेतू कोणाचाच वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम असे सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला बसण्याची सक्ती करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती हवी. हा नियम शहाणपणाचा आहे. पालकाला निर्धास्तपणे मूल शाळेत धाडता येते ते त्यामुळेच. माझी तक्रार नियमाविरुद्ध नाही. नियम पाळल्यावर आपण दोन्ही खोल्यांतल्या मुलांच्या हातांत काय ठेवतो, याविषयी आहे.

माझ्या खोलीत जे पुस्तक असते त्याचे परीक्षण दोन ओळींत उरकते. खरे बोलावे, रांगेत उभे राहावे, कचरा पेटीत टाकावा, वडीलधाऱ्यांचा मान राखावा. यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि एकही वाक्य मुलाच्या मनात रात्रीपर्यंत टिकत नाही. अशा पुस्तकातला मुलगा पहिल्या पानापासूनच शहाणा असतो. ज्याचा पाय कधी घसरतच नाही, त्याच्याबद्दल आठ वर्षांच्या मुलाला काय वाटणार?

शेजारच्या खोलीतून जे ऐकू येते ते निराळे असते. तिथे प्रश्न आणि उत्तर. देवाच्या आज्ञा किती? दहा. संस्कार किती? सात. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. आता घोकंपट्टीला नाक मुरडणारा मी नव्हे. रामरक्षा मी अर्थ न कळता पाठ केली आणि अंधाऱ्या बोळातून जाताना तिने मला पुष्कळदा सोबत केली. पाठांतर ही मुलाच्या गाठीला बांधलेली शिदोरी असते. परंतु माझ्या बाबतीत रामरक्षेच्या आधी आजी होती. राम वनात गेला तेव्हा दशरथाचे काय झाले, हे तिने सांगितले होते. त्यामुळे पुढे पाठ केलेल्या शब्दांना राहायला घर मिळाले. शेजारच्या खोलीत शब्द मुबलक. घराचे काय, ही शंका मला एका पावसाळी दिवशी आली.

त्या दिवशी धर्मशिक्षणाच्या सिस्टर आल्या नव्हत्या. वर्ग अखंड राहिला. चित्राला विषय हवा म्हणून मी मुलांना एक गोष्ट सांगितली. येशूने सांगितलेली, उधळ्या मुलाची. धाकट्याने वाटणी मागितली, परमुलखात जाऊन सगळी उडवली, डुकरे राखायची पाळी आली. शेवटी तो परत फिरला, तेव्हा बापाने त्याला लांबूनच पाहिले आणि म्हातारपण विसरून तो धावत सुटला. मी म्हटले, आता काढा चित्र. एका पोराने बापाला एसटीच्या थांब्यावर उभे केले. दुसऱ्याने बापाच्या एका पायात चप्पल काढली आणि दुसरी मागे रस्त्यावर पडलेली दाखवली. चित्रकलेच्या मास्तराला याहून काय हवे?

मग एक कॅथलिक मुलगी जवळ आली. त्याच वर्षी तिचे पहिले कम्युनियन व्हायचे होते. पापनिवेदन म्हणजे काय, याचे उत्तर ती न अडखळता म्हणून दाखवी. ती म्हणाली, "सर, ही गोष्ट आमच्यातलीच आहे का?" मी म्हटले, "तुमच्यातलीच, बाळ. तुला जे पाठ येते ना, त्याचीच ही गोष्ट." ती माझ्याकडे पाहतच राहिली. सिस्टरांनी ती गोष्ट कधी सांगितलीच नसेल असे मी म्हणणार नाही. पण उत्तर आणि गोष्ट यांची गाठ त्या पोरीच्या मनात पडलेली नव्हती, एवढे खरे.

आणि तेवढ्यात माझ्या 'नीतीच्या' मुलांपैकी एकाने विचारले, "सर, थोरला भाऊ रुसून बाहेर उभा होता ना? मग तो आत गेला का?"

वाचकहो, शुभवर्तमानात याचे उत्तर नाही. बाप थोरल्याची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच थांबते. प्रश्नोत्तराच्या पुस्तकाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. गोष्टीला प्रश्न उघडा ठेवता येतो. मोठा धर्म मुलाच्या मनात शिरतो तो बहुधा या उघड्या दारातून.

त्या रात्री मी ख्रिस्तपुराण पुन्हा काढले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेला हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्याहून देवनागरीत काढला. आपण मराठी माणसे स्टीफन्सला मराठीच्या स्तुतीपुरते आठवतो आणि पुढची पाने मिटून ठेवतो. पण त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे, तो प्रत्येक शाळामास्तराने वाचावा. साष्टीतल्या एका देवळात रविवारी दुपारी मुलांना प्रश्नोत्तरांची शिकवण चालली आहे. तिथे एक बाटलेला ब्राह्मण पाद्री-गुरूला म्हणतो की ही शिकवण ठीक आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही?

या विनंतीतले दुःख झाकून ठेवण्याचे कारण नाही. एका समाजाच्या गोष्टी सत्तेच्या बळावर काढून घेतल्या गेल्या होत्या. वसईलाही १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल होता. त्या आठवणी इथल्या दोन्ही बाजूंच्या घरांत अजून पुरत्या निवलेल्या नाहीत. पण स्टीफन्सने त्या माणसाचे म्हणणे ऐकले, हेही तितकेच खरे. त्याने कोकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तक केले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापले गेले. आणि त्याच माणसाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराणही रचले. उत्तरांनी बुद्धीची सोय होते, पण जीव गोष्टीसाठी तळमळतो, हे त्याला साष्टीतल्या एका श्रोत्याने शिकवले. चारशे वर्षांनंतर आपण त्याच्या दोन पुस्तकांपैकी लहान पुस्तक तेवढे वर्गात ठेवले आहे.

माझ्या त्या तासाचा शेवट गोड झाला नाही. एका पालकाने येऊन विचारले, "मास्तर, चित्रकलेच्या नावाखाली हे काय चालवलंय?" दुसरे एक ख्रिस्ती गृहस्थ म्हणाले, "शुभवर्तमान सांगायला तुम्ही कोण?" मी चित्रापुरते पाहावे, असे शाळेने सौम्य शब्दांत बजावले. दोन्ही पालकांचे भय मला कळते. माझ्या मुलाला कोणी न विचारता काही शिकवले तर मीही जाब विचारीन. संमती न घेता मी गोष्ट सांगितली ही माझी चूक, आणि ती मी कबूल करतो.

पण चूक संमतीची होती, गोष्टीची नव्हे. १९६५ साली २८ ऑक्टोबर या एकाच दिवशी व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेची दोन निवेदने जाहीर झाली. एकाने आईबाप हेच मुलाचे पहिले शिक्षक असे म्हटले. दुसऱ्याने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करीत नाही असे सांगितले. ही दोन्ही एकत्र वाचली तर वाट दिसते. कॅथलिक मुलांचा तास त्यांचाच राहावा. मात्र त्यात आधी गोष्ट आणि मग उत्तर यावे, आणि गोष्ट मूल घरी बोलते त्या वाडवळीत, सामवेदीत, निदान मराठीत यावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत दिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. तेव्हा भाषेची सबब आता चालणार नाही. आणि महिन्यातून एकदा, सर्व पालकांच्या लेखी संमतीने, दोन्ही खोल्यांनी एकत्र बसून गोष्टी ऐकाव्यात. एकदा उधळ्या मुलाची, एकदा नचिकेताची, एकदा तहानलेल्या गाढवाला काशीची कावड पाजणाऱ्या एकनाथांची.

दिवाळीपूर्वी माझा सगळा वर्ग कामट्या आणि पतंगाचे कागद घेऊन आकाशकंदील करतो. डिसेंबरात त्याच कामट्यांची नाताळची चांदणी होते. खळीने चिकटलेल्या त्या बोटांत कोणाची कुठली खोली, हे मला ओळखता येत नाही. परवा कंदील करताना तोच मुलगा पुन्हा म्हणाला, "सर, त्या थोरल्याचं तुम्ही सांगितलंच नाहीत." मी म्हटले, "तू काय करशील?" त्याने कामटी वाकवून बांधली आणि म्हणाला, "आत जेवण असेल तर जाईन."