रिक्तस्थानपूर्ती आणि इंग्रजीचे अध्यापन : कर्नाळ्यावरील एका उताऱ्याच्या अनुषंगाने

गाळलेल्या जागा भरण्याचा अभ्यास मराठी शाळांतील इंग्रजीच्या अध्यापनात इतका रूढ झाला आहे की, त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. क्रमिक पुस्तकांतील स्वाध्याय, बाजारातील मार्गदर्शके, परीक्षांच्या प्रश्नपत्रिका ह्या सर्वांत त्याचा संचार आहे. परंतु ह्या अभ्यासाने नेमके काय साधते, हा प्रश्न त्याच्या रूढत्वामुळे सुटत नाही. उलट झाकला जातो.

ह्या पद्धतीचा उगम भाषाध्यापनात नाही. हेर्मान एबिंगहाऊस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1897 मध्ये ब्रेस्लाउ येथील शाळकरी मुलांची बौद्धिक क्षमता अजमावण्यासाठी खंडित उतारे पूर्ण करण्याची कसोटी प्रसिद्ध केली. पुढे 1953 मध्ये विल्सन टेलर ह्या अमेरिकन संशोधकाने ठराविक अंतराने शब्द गाळण्याची रीत सिद्ध केली आणि तिला ‘क्लोझ’ हे नाव दिले. त्याला मोजावयाची होती ती वाचकाची योग्यता नव्हे, तर मजकुराची सुबोधता. परभाषेच्या प्रभुत्वाची कसोटी म्हणून तिला प्रतिष्ठा लाभली ती नंतरच्या काळात, आणि तीही निर्वेध नव्हे. चार्ल्स ऑल्डरसन ह्यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की, शब्द गाळण्याचे अंतर बदलताच कसोटीचे स्वरूपही बदलते. म्हणजे किती शब्द गाळले ह्यापेक्षा कोणते गाळले, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तो मराठी भाषकाच्या संदर्भात तपासण्यासाठी पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याविषयी एखादा इंग्रजी उतारा रचला आहे, अशी कल्पना करावी. त्यात ‘अ पिनॅकल स्टँड्स ऑन द समिट’ असे एक वाक्य आहे, आणि त्यापुढे ‘पिनॅकल इज ऑफ बसॉल्ट’ ह्या वाक्याच्या आरंभी जागा रिकामी आहे. येथे ‘द’ हवे. मराठीत उपपदे नाहीत. पहिल्या उल्लेखी ‘एक सुळका’ आणि दुसऱ्या उल्लेखी ‘तो सुळका’ किंवा नुसते ‘सुळका’ म्हणून आपले काम भागते. हा भेद दोन वाक्यांच्या संबंधातून उपजतो. म्हणून तो उताऱ्यातच शिकवता येतो. ‘सन राइजेस इन द ईस्ट’ ह्यासारख्या सुट्या वाक्यातील जागा भरताना विद्यार्थी केवळ पाठ केलेला नियम आठवतो. तो नियम आठवला म्हणजे उपपद कळले, असे मानणे ही आपल्या स्वाध्यायांतील सर्वांत जुनी समजूत होय.

दुसरे उदाहरण काळाचे. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य 1968 पासूनचे आहे. ‘द सँक्च्युअरी ... हिअर सिन्स 1968’ ह्या वाक्यात विद्यार्थी ‘इज’ घालतो. कारण ‘1968 पासून येथे अभयारण्य आहे’ हे मराठी वाक्य पूर्णतः निर्दोष आहे आणि त्यात वर्तमानकाळच आहे. ‘हॅज बीन’ हे उत्तर त्याच्या मातृभाषेतून त्याला कधीच सुचणार नाही. अशा जागी पडलेली चूक ही आळसाची नसून दोन व्याकरणांच्या संघर्षाची खूण असते, आणि म्हणूनच ती शिक्षकास मोलाची असावयास हवी. प्रत्यक्षात तिच्यावर लाल फुली पडते व पान उलटले जाते.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत प्रकरण अधिक नाजूक आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहान्वये हा किल्ला मोगलांकडे गेला. तेथे ‘अंडर द ट्रीटी’ म्हणावे की ‘बाय द ट्रीटी’? दोन्ही चालतात. 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला. तेथे ‘टेकन’, ‘कॅप्चर्ड’ व ‘सीझ्ड’ हे तिन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या बसतात, मात्र त्यांच्या अर्थच्छटा एक नाहीत. मूळ लेखकाचा शब्द तेवढाच बरोबर धरावयाचा, ही टेलरची मोजणीची रीत मजकुराची सुबोधता ठरवण्यास पुरेशी होती. शाळेत तिचा अवलंब म्हणजे भाषेला उत्तरपत्रिकेच्या मापात कापणे होय.

याहून घातक आहे ती उताऱ्याच्या शिरोभागी शब्दांची चौकट देण्याची प्रथा. पाच जागा व पाचच शब्द दिले असता शेवटची जागा आपोआप भरली जाते. शिवाय प्रत्येक शब्द एकदाच वापरावयाचा असेल, तर नेमकी चारच उत्तरे बरोबर येणे अशक्य ठरते. एक चूक दुसरीस ओढून आणतेच. गुणांची ही मोजदाद मुळातच सदोष आहे, तरीही ती निमूटपणे चालते. येथे इंग्रजीची नव्हे, तर वजाबाकीची परीक्षा होते.

आपल्याकडील समस्यापूर्तीची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. तीत श्लोकाचा एक चरण दिलेला असे आणि उरलेला श्लोक कवीने रचावयाचा असे. दिलेले थोडे, भरावयाचे बहुत. आजच्या स्वाध्यायात हे प्रमाण उलटे झाले आहे. 1982 मध्ये शॅनहन, कॅमिल व टोबिन ह्यांनी दाखवले की, उताऱ्यातील वाक्यांचा क्रम विस्कटला तरी क्लोझमधील गुण फारसे घटत नाहीत. भरणारा बहुधा वाक्याच्या आतच पाहतो, उताऱ्याचा ओघ पाहत नाही, असाच ह्याचा अर्थ. तेव्हा ज्या जागा वाक्याबाहेर पाहावयास लावतात, त्या मुद्दाम निवडल्या पाहिजेत. ‘फ्रॉम अफार इट लुक्स लाइक अ थंब. सीन क्लोजली, ... , इट इज अ शीअर वॉल’ येथे ‘हाउएव्हर’ सुचण्यासाठी दोन्ही वाक्ये लक्षात ठेवावी लागतात. आणि मराठीतील ‘मात्र’ हा शब्दही ‘जवळून मात्र’ असा नेमका त्याच स्थानी येत असल्यामुळे येथे मातृभाषा अडसर न होता साहाय्य करते.

स्थानिक विषयाचा एक धोकाही नोंदवणे आवश्यक आहे. गडाची माहिती असलेला पनवेलचा मुलगा ‘1818’ ही रिकामी जागा इंग्रजी न जाणताही भरील. माहितीचे शब्द तसेच राहू द्यावेत. गाळावयाची ती उपपदे, शब्दयोगी अव्ययांच्या जागी येणारे शब्द, क्रियापदांची रूपे आणि वाक्यांना जोडणारे शब्द. चौकट काढून टाकावी, एकाहून अधिक उत्तरे स्वीकारावीत आणि चुकलेल्या उत्तरांवर वर्गात मराठीतून चर्चा व्हावी. त्यासाठी एका तासिकेत दहा जागादेखील पुष्कळ होतात.