न मागितलेली मदत : क्लेरोचा 'इम्युनिटी' ऐकताना

आज पेपर नाही, प्रोटोकॉल नाही. आज एका अल्बमबद्दल लिहितेय. (शेवटी गाडी रिसर्चवर येणारच, सवय झालीये.)

गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता मायक्रोस्कोपसमोर बसून स्लाईड्सचे फोटो काढत होते. शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीची प्लेलिस्ट चालू होती. त्यात क्लेरोचं 'बॅग्ज' लागलं आणि माझा हात थांबला. दुसऱ्या दिवशी अख्खा अल्बम ऐकला. नाव 'इम्युनिटी', आणि माझा विषयही तोच. न ऐकून कसं चालेल?

क्लेरो म्हणजे अमेरिकेतली क्लेअर कॉट्रिल. २०१७ मध्ये तिने घरातच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर 'प्रिटी गर्ल'चा व्हिडिओ केला आणि तो तुफान पसरला. मग गाण्यापेक्षा चर्चा वडिलांच्या ओळखींची झाली. ते मार्केटिंगमधले मोठे अधिकारी, म्हणजे हिला कुणीतरी वर ढकललंय! आपणही जर्नल क्लबमध्ये हेच करतो ना? डेटा बघण्याआधी लॅबचं नाव बघतो. ओळखीने दार लवकर उघडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आत काय घेऊन आलात, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर म्हणजे २ ऑगस्ट २०१९ ला आलेला हा तिचा पहिला अल्बम.

सहनिर्माता आहे रोस्तम, पूर्वी 'व्हॅम्पायर वीकेंड'मध्ये असलेला. चांगला स्टुडिओ मिळाल्यावर पहिला मोह होतो सगळं चकचकीत करण्याचा. इथे तसं झालेलं नाही. 'बॅग्ज'मध्ये डॅनिएल हाइमचे ड्रम्स गाण्याला चालतं ठेवतात, आणि क्लेरोचा आवाज मात्र शेजारी बसून बोलल्यासारखाच राहतो. 'सोफिया'त तर मुद्दाम खरखर ठेवलीये. नॉईज काढताना सिग्नलही पुसला जातो, हे इमेज प्रोसेसिंग केलेल्या कुणालाही पटेल.

सगळंच जमलंय असं नाही. 'क्लोजर टू यू'मध्ये आवाजावर इतकी यांत्रिक प्रक्रिया आहे, की जवळीक हवी तिथेच अंतर पडतं. मधली दोन-तीन गाणी एकाच संथ लयीत एकमेकांत मिसळतात. शब्दही कधीकधी वाद्यांखाली दबतात. मला ते वाचून घ्यावे लागले.

आता खरा मुद्दा. क्लेरोला किशोरवयातच संधिवाताचं निदान झालं. हा म्हातारपणी गुडघे झिजतात तो प्रकार नव्हे. यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. राखणदारच घरच्यांना मारायला लागतो. शेवटची दोन गाणी, 'सिंकिंग' आणि 'आय वुडन्ट आस्क यू', या दुखण्याबद्दल आहेत. हे कळल्यावर अल्बमचं नाव वेगळंच ऐकू येतं. प्रतिकारशक्ती जपते, आणि तीच दुखावतेसुद्धा.

पहिलं गाणं 'एलवाइफ'. हे बॉस्टनजवळच्या मेट्रोच्या रेड लाईनचं शेवटचं स्टेशन. शाळेत असताना, जिवावर बेतलेल्या एका रात्री मैत्रिणीने वेळेत मदत पाठवली, त्याची ही कृतज्ञता. आणि शेवटचं गाणं, सुमारे सात मिनिटांचं, लहान मुलांच्या कोरससह. त्याच्या नावातच 'मी मागणार नाही' आहे. म्हणजे अल्बम सुरू होतो न मागता मिळालेल्या मदतीने, आणि संपतो मदत मागायच्या संकोचावर. ही रचना मला दुसऱ्यांदा ऐकताना कळली, आणि मी थोडा वेळ गप्पच बसले.

कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे प्रयोग सलग चार महिने फसत होते आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ग्रुप मीटिंगमध्ये "चाललंय, ताई" एवढंच. शेवटी एका सीनियरने रात्री कँटीनमध्ये समोर ताट ठेवून विचारलं, "जेवलीस कधी शेवटचं?" अँटिबॉडीचं काय झालंय, हे तिने त्यानंतर विचारलं.

तुमच्यापैकी बरेच जण आता प्रवेश परीक्षांची तयारी करताय. टेक्निक्स शिकालच. पण "मला जमत नाहीये" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव आत्तापासून करा. आणि शेजारच्या बेंचवरचं कुणी फार दिवस गप्प असेल, तर त्याने मागायची वाट बघू नका.

अल्बम साधारण चाळीस मिनिटांचा आहे. एका जेल रनमध्ये ऐकून होतो.