डॉल्बी : सुरसुर घालवणाऱ्याचे नाव

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘डॉल्बी’ म्हणजे भिंतीसारखे रचलेले स्पीकर आणि छातीत बसणारे हादरे. ‘डॉल्बीमुक्त’ उत्सवाची आवाहने आता गावोगाव होतात. त्या भिंतींचा डॉल्बी कंपनीशी काही संबंध नसतो. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने कंपनी काढली ती टेपवरचा नको असलेला आवाज घालवण्यासाठी. शब्दाची ही उलटापालट गमतीची आहेच. पण प्रयोगशाळेतले काम बाजारात कसे उतरते याची एक गोष्ट तिच्यामागे आहे, आणि ती आपल्याकडे चुकीच्या टोकाकडून सांगितली जाते असे माझे मत आहे.

ते टोक म्हणजे चंदिगड. १९६३ ते १९६५ या काळात डॉल्बी युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. तिथल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. हौस म्हणून ते संगीत ध्वनिमुद्रित करीत, आणि टेपच्या सुरसुरीवरचा उपाय त्यांना इथेच सुचला. एवढे सांगून झाले की हळहळ सुरू होते : कल्पना आपल्याकडे सुचली आणि कंपनी निघाली लंडनला! जणू कल्पना म्हणजे आंब्याची कोय. पडली तिथेच झाड यायला हवे होते.

कल्पना तरी काय होती? चुंबकीय टेपवर सतत एक बारीक सुरसुर असते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळुवार आवाजात उघडी पडते. म्हणून मुद्रण करताना फक्त हळुवार आवाज उचलायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे; त्यांच्याबरोबर सुरसुरही खाली जाते. आवाज दाबून पुन्हा पसरवण्याची युक्ती जुनीच होती, पण ती सगळ्या आवाजाला लावली की संगीत श्वास घेतल्यासारखे वरखाली होई. डॉल्बींनी मोठ्या आवाजाला जवळजवळ हातच लावला नाही. कुठे हात लावायचा नाही हे ठरवणे, हीच त्यांची खरी करामत.

१९६५ मध्ये त्यांनी लंडनला कंपनी काढली. पुढच्याच वर्षी डेक्का या रेकॉर्ड कंपनीने त्यांची यंत्रे घेतली. ही ‘ए-टाइप’ पद्धत : आवाजाचे चार पट्टे, महागडी पेटी, स्टुडिओतल्या तंत्रज्ञांसाठी. सुरसुर ऐकून अस्वस्थ होणारे, ती घालवायला पैसे मोजणारे आणि यंत्र नीट जुळवून ठेवणारे असे ते गिऱ्हाईक होते. त्या काळच्या भारतात रेकॉर्डच्या धंद्यावर एकाच कंपनीचे वर्चस्व होते. तिथे ही पेटी कोणाला विकायची? चंदिगडला उणीव असलीच तर ती डेक्काची होती, बुद्धीची नव्हे.

डॉल्बी विद्यार्थिदशेपासून अ‍ॅम्पेक्समध्ये काम करीत. त्या कंपनीने १९५६ मध्ये व्हिडिओ टेपरेकॉर्डर दाखवला. त्यात त्यांचाही हात होता. यंत्राची किंमत सुमारे ५० हजार डॉलर. टीव्ही केंद्रांनी ते घेतले, अ‍ॅम्पेक्सचे नाव झाले. पण घरोघरचा व्हिडिओ पुढे सोनी आणि जेव्हीसी या जपानी कंपन्यांनी नेला. स्टुडिओतून घरापर्यंतची वाट आपोआप तयार होत नाही, याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

ती वाट डॉल्बींनी १९६८ मध्ये वेगळ्या रीतीने काढली. ‘बी-टाइप’ पद्धतीत चार पट्टे गेले. फक्त वरच्या पट्टीतल्या आवाजांवर सुमारे १० डेसिबलचे काम उरले. म्हणजे घरासाठी त्यांनी मुद्दाम कमी चांगली वस्तू केली. फिलिप्सची कॅसेट तेव्हा सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी, अरुंद आणि सुरसुरीची होती. तिला हे कमीच पुरेसे झाले. कॅसेट डेक स्वतः बनवत न बसता त्यांनी बनवणाऱ्यांना परवाना दिला. स्वामित्वशुल्क यंत्रावर ठेवले. भरलेल्या कॅसेटींवर ठेवले नाही. शिवाय ‘बी’ पद्धतीने भरलेली कॅसेट साध्या यंत्रावरही ऐकवत असे, थोडी झणझणीत एवढेच. डीबीएक्सची पद्धत सुरसुर कितीतरी जास्त घालवी; पण तिची कॅसेट साध्या यंत्रावर ऐकवत नसे. आकड्यांत जिंकलेली ती पद्धत घराघरांत मात्र मागे राहिली.

परवान्याबरोबर नावही गेले. डेकवर ते छापले गेले; १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’नंतर डॉल्बी स्टिरिओ चित्रपटगृहांच्या जाहिरातीत आले. त्यांच्या यशाबद्दल माझी तक्रार इथे आहे. आत काय चालते हे लोकांना समजावण्यापेक्षा नाव दिसत राहणे कंपनीला सोयीचे होते, आणि अर्थ न कळलेले नाव कुठेही चिकटते. आपल्याकडे ते कर्कश स्पीकरांना चिकटले.

घरच्या डेकवर तर त्या नावाचे बटणच होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून यादी देऊन भरून घेतलेल्या कॅसेटींवर डॉल्बीची प्रक्रिया बहुधा झालेलीच नसे. बटण दाबले की सुरसुरीबरोबर झांजेची किणकिण आणि तंबोऱ्याची जवारीही दबून जाई. मग लोक ते बटण बंदच ठेवत.