विटाळ आणि जन्मपाप : सोयराबाईंच्या एका अभंगाच्या निमित्ताने

हिंदू विचारात माणूस मुळात दैवी, तर ख्रिस्ती विचारात तो मुळात पापी, असे एक सुटसुटीत विधान आपल्याकडील प्रवचनांतून आणि लेखांतून वारंवार भेटते. आम्हांस ते दोन्ही अंगांनी अपुरे वाटते. 'हिंदू विचार' असे एकच एक मत मुळी नाही. शंकराचार्य जीव आणि ब्रह्म एकच मानतात, मध्वाचार्य त्यांच्यात कायमचा भेद मानतात आणि रामानुजाचार्यांची वाट या दोहोंहून निराळी आहे. इकडे उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाच्या पतनाआधी तो देवाच्या प्रतिमेत घडल्याची कथा येते. मानवी स्वभाव पापाने जखमी झाला असे कॅथलिक शिकवण सांगते. तो समूळ नासला असे ती म्हणत नाही. म्हणून तत्त्वज्ञांचे ग्रंथ बाजूस ठेवून आपल्याच भाषेतील एका लहानशा अभंगाशी हा प्रश्न ताडून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

हा अभंग सोयराबाईंचा. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांची ही पत्नी. तिचे साठेक अभंग आज आपल्या हाती आहेत. ज्या विठ्ठलाची गाणी या घराने गायिली, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. या पार्श्वभूमीवर सोयराबाई जे विचारते ते थक्क करणारे आहे. सगळे जण देहाला विटाळ आहे म्हणतात. पण विटाळ देहातच जन्मतो, त्याच्यावाचून कोणाचाही देह घडत नाही, मग सोवळा झाला तो कोण? आईच्या उदरातून आलेला प्रत्येक जण जर त्याच एका वाटेने आला असेल, तर शिवू नये असा माणूस निराळा काढायचा कसा?

याच घरात या प्रश्नाला दुसरेही एक उत्तर होते, हे विसरता कामा नये. चोखोबांच्या एका अभंगात आपला हीन मानलेला जन्म हे पूर्वजन्मी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ, असा उलगडा येतो. इतका निर्मळ भक्त स्वतःवरील अन्यायाचा दोष स्वतःच्याच न आठवणाऱ्या जन्माकडे घेतो, हे वाचताना मन विषण्ण होते. कर्मसिद्धान्ताची उदात्त बाजू आम्ही नाकारीत नाही. माणसाला आपल्या कृतीचा जबाबदार धरणारी ती शिकवण आहे. पण दोष ज्याचा त्याचा वेगळा मोजला जाऊ लागला की जन्माची उतरंड न्याय्य ठरवण्यास ती सहज हाताशी येते. सोयराबाई ती उतरंडच मोडते. तिचा विटाळ एकट्यादुकट्याचा नाही, अवघ्यांचा आहे.

जन्मपापाच्या ख्रिस्ती शिकवणुकीशी तिचे नाते आम्हांस दिसते ते नेमके येथे. ही शिकवण अनेकांना कठोर वाटते, आणि तान्ह्या बालकाला पापी का म्हणावे हा आपल्या घरांतून विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने त्याचा खुलासा केला आहे : हे पाप आपण केलेले नसते, लाभलेले असते, ती कृती नव्हे, अवस्था आहे. परंतु या सिद्धान्ताचा सामाजिक अर्थ आपण फारसा ध्यानी घेत नाही. राजा, धर्मगुरू आणि झाडूवाला बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी एकाच उणिवेने येतात. जन्मतः सोवळा असा कोणी नाही, म्हणून जन्मतः ओवळा असाही कोणी नाही.

येथपर्यंत दोघांची वाट एक. पुढे ती फुटते. सोयराबाईच्या मते आत्मा शुद्ध आहे, मळ आहे तो देहाशी. ख्रिस्ती दृष्टी मळ शोधते तो माणसाच्या इच्छेत. जे बाहेरून आत जाते ते माणसाला विटाळत नाही, जे अंतःकरणातून बाहेर येते ते विटाळते, असे येशू मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सांगतो. देह मात्र चांगला, पुनरुत्थानासाठी राखलेला. अर्थात आपल्या परंपरेनेही हा भेद नेहमी स्वच्छ ठेवला असे नाही. संत ऑगस्टीन यांनी जन्मपापाची सांगड प्रजननाच्या वासनेशी घातली आणि देहाविषयीचा एक संकोच शतकानुशतके मागे उरला. 2 फेब्रुवारीचा सण 1969 च्या पंचांगसुधारणेपर्यंत मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणून ओळखला जाई. आज तो प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा आहे. नावातील हा बदल सोयराबाईला कळला असता, असे आम्हांस वाटते.

आणि देव? सोयराबाईच्या बाळंतपणात विठ्ठल तिच्या नणंदेचे, निर्मळेचे, रूप घेऊन सेवेला आला, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात. गीतेतील अवतार सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या नाशासाठी येतो. हा देव मात्र शस्त्र न घेता सुइणीचे काम करण्यास येतो, तेही जेथे गावातील उच्चवर्णीय पाऊल ठेवणार नाहीत अशा घरात. कुष्ठरोग्याला हात लावणारा आणि बारा वर्षे रक्तस्राव सोसणाऱ्या स्त्रीचा स्पर्श न झिडकारणारा येशू ज्याला ठाऊक आहे, त्याला ही कथा परकी वाटू नये. तरीही फरक आहे, आणि तो गुळगुळीत करून टाकणे हे सौजन्य नव्हे. विठ्ठल निर्मळेचे रूप घेतो आणि काम झाल्यावर ठेवून देतो. देहधारण म्हणजे रूप घेणे नव्हे. ज्या जन्मस्थानाला जग विटाळाचे म्हणते, तेथून देवपुत्र स्वतः आला. आणि घेतलेला देह त्याने टाकला नाही, पुनरुत्थित देहावरील घाव थोमाला दाखविले. खरा देव आणि खरा मनुष्य, हे कॅल्सिडनच्या धर्मसभेने 451 साली सांगितले ते याच अर्थाने.

इतकी समर्थ शिकवण हाती असता आपण काय केले, हा प्रश्न उरतोच. गोव्यातील काही कॉन्फ्रारियांचे सभासदत्व जातीवर ठरत असे. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती बांधवांसाठी वेगळी दफनभूमी राखणारी गावे होती. भारतीय कॅथलिक बिशपांनी 2016 साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेत अस्पृश्यतेचे आचरण चालते हे त्यांना लेखी मान्य करावे लागले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतले जाते असे आपण मानतो ते जन्मपाप. जात मात्र अनेक घरांतून त्या पाण्यातून कोरडीच बाहेर आली, आणि विवाह जुळविताना ती आजही विचारली जाते. अभंगाच्या अखेरीस सोयराबाई आपल्या नवऱ्याचे नाव आणि आपली जात दोन्ही उघडपणे नोंदविते, जराही न लपविता.