जबाबाच्या सुरातलं दुःख

मुलांच्या खेळाच्या मैदानात एक तरुण नशेत, अंगावर पेट्रोल ओतून, लायटर घेऊन उभा आहे. सार्जंट कॅथरिन कावूड जवळच्या दुकानातून आग विझवायचं नळकांडं उचलते, डोळ्यांवर गॉगल चढवते आणि त्याला आपली ओळख सांगू लागते. वय ४७, घटस्फोटित, बहीण हेरॉइनमधून सावरलेली, दोन मुलं. त्यातलं एक गेलं, दुसरं तिच्याशी बोलत नाही. आणि एक नातू.

बीबीसीवरच्या ‘हॅपी व्हॅली’ मालिकेचं २०१४ मधलं हे पहिलंच दृश्य. लेखिका सॅली वेनराइट यांनी दडवून ठेवता आलं असतं ते सगळं इथेच सांगून टाकलं आहे. पण खरी करामत कॅथरिन साकारणाऱ्या सारा लँकेशर यांच्या आवाजात आहे. ठाण्यात जबाब नोंदवावा तसा तो आवाज एका ओळीवरून दुसरीवर सरकतो. मेलेल्या मुलीपाशीही थबकत नाही. या बाईला थबकणं परवडणारं नाही, हे मला तिथेच कळलं. बेकी या मुलीवर बलात्कार झाला, मूल झालं आणि तिने जीव दिला. ते मूल, रायन, आता कॅथरिनच्या घरात वाढतंय.

वेस्ट यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात ड्यूटी संपली की कॅथरिन आणि तिची बहीण क्लेअर मागच्या अंगणात चहा घेऊन बसतात. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी कॅथरिन तिथे मेंढीचोरीचा किस्सा रंगवून सांगते. क्लेअर हसते, आपणही हसतो. आणि त्याच ओघात, तेवढ्याच सहजपणे, ती एका बंद गॅरेजात सापडलेल्या प्रेताकडे वळते. आपलं हसू अर्ध्यावरच राहतं. दिवसभर पाहिलेलं घरी आणायचं तर ते गोष्टीत गुंडाळूनच आणता येतं, हे इतक्या नेमकेपणाने मी दुसऱ्या कुठल्याही पोलीस मालिकेत पाहिलेलं नाही.

पहिल्या पर्वातली तरुण कॉन्स्टेबल कर्स्टन मारली जाते, तेव्हा मात्र हा सूर तुटतो. खमकेपणाने वागायला कॅथरिननेच तिला सुनावलेलं असतं. तिथे शब्द नाहीत, फक्त लँकेशर यांचा राखेसारखा चेहरा आहे.

२०२३ च्या अखेरच्या भागात कॅथरिनच्याच स्वयंपाकघरात बेकीवर बलात्कार करणारा टॉमी स्वतःला पेटवून घेतो. पुन्हा पेट्रोल, पुन्हा लायटर. ती हाताला लागलेली विणलेली गोधडी त्याच्यावर टाकते. क्लेअर धावत येते. तिला कॅथरिन सांगते, गोधडी जरा करपली.