'देवाची इच्छा' हे वाक्य कोणी म्हणायचं? पंडिता रमाबाईंची 'साक्ष' वाचताना

(खराडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक तरुण मला जिन्यात भेटला. इथल्याच एका आयटी कंपनीत होता, दोन महिन्यांपूर्वी नोकरी गेली. फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी पहिलीत. तो म्हणाला, "सर, घरी सगळे म्हणतात, देवाची काहीतरी योजना असेल. तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत. खरंच असते का हो?" मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. खरं सांगायचं तर मला वेळ हवा होता. आज तो आलाय की नाही, मला इथून दिसत नाही; पण आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही. आयुष्यात जे घडतं त्यामागे देवाची सत्ता आहे, हे मानणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. कोणी त्याला विठ्ठलाची मर्जी म्हणतं, कोणी प्रभूची योजना, कोणी अल्लाची मर्जी. लायब्निट्झने १७१० साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. १७५५ साली लिस्बनला भूकंप झाला आणि व्होल्तेरने त्या सगळ्या आशावादाची टर उडवली. तो वाद मी वर्गात तीस वर्षं शिकवला. दोन्ही बाजूंचे मुद्दे फळ्यावर लिहायचे, तास संपला की फळा पुसायचा. आज मला फळ्यावरचं नको आहे. आज एक पुस्तक घेऊ, आपल्या जवळचं.

जवळचं म्हणजे अक्षरशः जवळचं. इथून सोलापूरच्या दिशेने तासा-दीड तासावर दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. तिथून १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत एक छोटं आत्मनिवेदन प्रसिद्ध केलं. मराठीत आपण त्याला 'माझी साक्ष' म्हणतो. पानं थोडीच आहेत, पण या विषयावर मराठी माणसाने लिहिलेलं इतकं थेट दुसरं काही मला ठाऊक नाही. आपल्या आयुष्यात जे घडलं ते देवानेच घडवलं, हा त्याचा गाभा.

आता काय घडलं ते पाहा. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. वडील, आई, थोरली बहीण कृष्णाबाई, तिघंही काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. शेवटी चौथा खांदा या मुलीने दिला, आणि उंची पुरेना म्हणून तिरडी डोक्यावर घेतली. मग भावाबरोबर हजारो मैलांची पायपीट. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि १८८२च्या फेब्रुवारीत तेही कॉलऱ्याने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

मंडळी, चोविसाव्या वर्षाच्या आतला हा हिशेब आहे. आणि हीच बाई पुढे लिहिते की देवाने मला हाताला धरून आणलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पस्तिशीत होतो, आणि मला राग आला होता. टीकाकार म्हणून माझे दोन आक्षेप होते. पहिला असा की ही मागून ओवलेली माळ आहे. माणूस एका ठिकाणी पोचतो, मग मागे वळून पाहतो, आणि प्रत्येक वळण त्या ठिकाणी यायलाच होतं असं त्याला दिसू लागतं. दुसऱ्या ठिकाणी पोचला असता तरी माळ ओवलीच असती. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा होता. रमाबाई वाचल्या म्हणून हात दिसला. कृष्णाबाईचं काय? ती त्याच घरातली, तीच पुराणं ऐकलेली, त्याच दुष्काळातली. तिला कोणाच्या हाताने धरलं?

पहिला आक्षेप मी अजूनही मागे घेतलेला नाही. दुसऱ्याबद्दल मात्र सांगायचं आहे.

पुढे केव्हातरी पुस्तक पुन्हा हातात घेतलं आणि एक गोष्ट लक्षात आली. रमाबाई आपल्याबद्दल बोलतात तेव्हा वाक्य ठाम असतं: देवाने मला आणलं, मला राखलं. पण कृष्णाबाईचा मृत्यू कशासाठी होता, आई भुकेने गेली त्यात काय योजना होती, याचं उत्तर त्या देत नाहीत. बहीण गेली म्हणून मी घडले, असा जमाखर्च माझ्या वाचनात तरी कुठे आलेला नाही. ते दुःख सांगतात आणि तिथेच ठेवतात. मी ज्याला पुस्तकातली उणीव समजत होतो, ती बहुधा त्यातली सर्वांत सच्ची जागा आहे.

म्हणजे हा व्याकरणाचा प्रश्न आहे असं मला वाटू लागलं. 'यामागे देव आहे' हे वाक्य प्रथमपुरुषी एकवचनात म्हणता येतं. माझ्या दुःखाबद्दल, मी. तेच वाक्य द्वितीय किंवा तृतीय पुरुषात गेलं, 'तुझ्या दुःखामागे', 'तिच्या दुःखामागे', की त्याचा अर्थच बदलतो. पहिल्यात तो विश्वास असतो. दुसऱ्यात तो निवाडा होतो.

हा फरक रमाबाईंना कोणी शिकवायला नको होता. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. विधवेचं दुःख म्हणजे तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, हे समाज तिला कसं सांगतो ते त्यात आलं आहे. पाहा, इथेही 'वरच्याची सत्ता'च आहे! घटनांमागे अर्थ आहे असंच इथेही म्हटलंय. फक्त तो अर्थ ज्याचं कपाळ फुटलेलं नाही तो सांगतोय, आणि जिचं फुटलंय तिने ऐकायचं आहे. त्या अर्थाचा उपयोग एवढाच, की तिने आपल्या जागेवरून उठू नये.

रमाबाई उठल्या. आणि बाप्तिस्म्यानंतर पुन्हा एकदा उठल्या, हे आपण विसरतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही आज्ञाधारक होईल, अशी तिथल्या मंडळींची अपेक्षा होती. चेल्टनहॅमला त्या शिकत होत्या आणि थोडं शिकवतही होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न आला तेव्हा बिशपांनी नको म्हटलं. सिस्टर जेराल्डीनबरोबरचा रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला, तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो जरूर वाचा. त्यातला सूर असा आहे: मी देवाला स्वाधीन झाले आहे, तुम्हाला नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण ठेवलेली नाही.

देवाचं सार्वभौमत्व मानलं की माणूस गरीब गाय होतो, असा आपला समज असतो. इथे उलट झालं. सगळ्यांच्या वर एक धनी आहे म्हटल्यावर मधले धनी, मग शास्त्री असोत की बिशप, आपोआप लहान झाले. ज्या विश्वासाने मधले धनी मोठे होतात, त्याकडे जरा संशयाने पाहावं, असं मी म्हणेन.

आता दुसरी गोष्ट. विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं का? 'साक्षे'त रमाबाई सांगतात की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरसारख्या माणसांची चरित्रं वाचून त्या प्रभावित झाल्या. म्युलर कोणाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवायचा. भारतात असं का होऊ नये, असं त्यांना वाटलं. आता केडगावला जाऊन पाहा. देवावर भरवसा टाकणाऱ्या या बाईने काय केलं? जमीन घेतली. फळझाडं लावली. विहिरी खोदल्या. छापखाना घातला आणि मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. अंध मुलींसाठी ब्रेल आणलं.

१८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. मंडळी, ही तीच मुलगी आहे जिने डोक्यावर आईची तिरडी घेतली होती. वीस-बावीस वर्षांनी दुष्काळ पुन्हा समोर आला, तेव्हा त्या उपाशी मुलींना तिने 'यामागे योजना आहे' असं सांगितलं नाही. बैलगाड्या आणि रेल्वेची तिकिटं पाहिली. आपल्या दुष्काळाचा अर्थ काय, याचं उत्तर कुठे असेल तर ते या कृतीत आहे. तो अर्थ तिला आयता सापडला नाही, तो तिने घडवला.

मग पुस्तकात खोट काहीच नाही का? आहे. दोन ठिकाणी मला ते कमी पडतं.

एक, वडिलांबाबत. दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते देवाधर्माला, ब्राह्मणांना देऊन कुटुंब उपाशी राहिलं, हे रमाबाई कडवटपणे सांगतात. कडवटपणा समजू शकतो. पण त्याच वडिलांनी मरताना या धाकट्या मुलीला जवळ घेऊन म्हटलं होतं की तुला मी देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस. हेही रमाबाईंनीच लिहून ठेवलंय. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या पुढच्या विश्वासाचं बी त्या वाक्यात आहे. ते एका कर्मठ हिंदू बापाने पेरलं. 'साक्ष' त्या बापाच्या श्रद्धेला जेवढं श्रेय द्यायला हवं तेवढं देत नाही. आपला विश्वास प्रथमपुरुषी आणि वडिलांचा मात्र तृतीयपुरुषी, असं इथे झालंय.

दुसरी खोट मुक्तीतल्या मुलींबाबत. दुष्काळातून आलेली दहा-बारा वर्षांची मुलगी. अन्न इथे, छप्पर इथे, प्रार्थनाही इथलीच. रमाबाईंनी बिशपला 'नाही' म्हटलं. या मुलीला रमाबाईंना 'नाही' म्हणायची किती जागा होती? १९०५ साली मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली, रमाबाईंच्या दृष्टीने ते देवाचंच काम. त्यातल्या प्रत्येक मुलीची स्वतंत्र साक्ष आपल्यापाशी असती, तर मी अधिक खात्रीने बोललो असतो. संस्था चालवणाऱ्याला देवाची इच्छा आणि आपली इच्छा यांतली रेषा दिसेनाशी होते. हे कुठल्याही धर्माच्या संस्थेला लागू आहे.

आणि एक लक्षात ठेवा, 'साक्ष' १९०७ची आहे. खरी परीक्षा त्यानंतर झाली. मनोरमाबाई १९२१च्या जुलैत गेल्या. एकुलती एक मुलगी, आईच्या कामाची वारस. रमाबाई तेव्हा बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या. त्या नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ला गेल्या. मधल्या काळात त्या हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. विश्वासाचा पुरावा म्हणून मी हे सांगत नाही. एवढंच, की त्या शेवटपर्यंत कामावर होत्या.

इंद्रायणीकाठच्या तुकोबांची आठवण इथे येणारच. १६३०चा दुष्काळ, दिवाळं निघालं, थोरली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. हे सगळं झालं ते चांगलंच झालं, असं देवाला सांगणारे त्यांचे अभंग तुम्हाला पाठ आहेत. बायकोपोरांचं मरणही त्यात येतं, आणि वाचताना आजही अंगावर काटा येतो. दुसऱ्या कोणी देहूत येऊन तुकोबांना हेच ऐकवलं असतं, तर? तर ते शब्द क्रूर ठरले असते. शब्द तेच. बोलणारा वेगळा.

आता थोडं स्वतःचं. खूप वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याचा तरुण मुलगा गेला. वैकुंठात मी त्यांच्या शेजारी उभा होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हणालो, "सर, यामागेही काहीतरी असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. २०२१च्या एप्रिलमध्ये माझी पत्नी गेली, करोनाने. तेव्हा फोनवर मला तेच वाक्य आलं, एकदा नाही, दहा-बारा वेळा. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ कळला. माफी मागायला ते सहकारी आता नाहीत.

माझ्या पत्नीचा विश्वास पक्का होता. ती म्हणायची, "आपण आपलं करावं, बाकी त्याच्यावर." दवाखान्यात जातानाही तेच म्हणाली. तिचं तिने म्हटलं, ते मला खोटं वाटत नाही. मी तेवढं अजून म्हणू शकत नाही, आणि म्हणता येत नाही याची आता लाजही वाटत नाही.

तर जिन्यात भेटलेल्या त्या मित्राला माझं उत्तर असं. योजना आहे की नाही, हे मी तुला सांगू शकत नाही. माझ्यापाशी ज्ञान कमी आहे म्हणून नव्हे, तो अधिकारच माझा नाही. उद्या दहा वर्षांनी मागे पाहून तू म्हणालास की मला धरून आणलं, तर मी मान लववेन. नाही म्हणालास, तरी लववेन. तोवर घरच्यांना एवढं सांग, की वाक्य माझ्यासाठी ठेवा. तुम्ही हप्त्याचं आणि ओळखीपाळखीचं बघा.

तुकोबांची एक कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे, तिच्यावर थांबतो. घरच्या सावकारीची कर्जखतं तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीचा तपशील आपण विसरतो. आधी त्यांनी कागदांचे दोन भाग केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याच्या हाती दिला. आणि नदीत सोडले ते फक्त आपल्या वाट्याचे कागद.